साधा बटणांचा फोन: मला छान ऐकू येतंय, पण समोरच्याचं काय?

सहा आठवडे झाले साधा बटणांचा फोन वापरतेय. घेताना डोक्यात हिशोब एकदम सरळ होता, इंटरनेट नको, फोटो नकोत, फक्त कॉल करायचेत आणि आलेले घ्यायचेत, आणि ज्या वस्तूला आयुष्यात एकच काम आहे ती निदान ते तरी धड करेल ना! मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हे फोन दर थोड्या दिवसांनी नवं नाव लावून येतात आणि मला जे दिसलं ते या जातीच्या बऱ्याच फोनना लागू पडेल असं वाटतंय. ओळख म्हणून एवढं पुरे: 4जी, दोन सिम, 1.8 इंचाची स्क्रीन, निघणारी 1000 एमएएचची बॅटरी, टॉर्च, एफएम, आणि माइक एकच. हा एकच माइक लक्षात ठेवा, पुढे त्याचं पुराण येणारे.

पहिल्या आठवड्यात मी जाम खूश होते. कॉल पटकन लागायचा, समोरचा आवाज मोठा आणि खणखणीत, गालाने स्क्रीन दाबली जाऊन मधेच म्यूट नाही की होल्ड नाही, बोलणं झालं की लाल बटण दाबायचं, खट्ट, संपलं. त्याच आठवड्यात जर हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आणि अगदी चूक केली असती.

कारण आई म्हणायला लागली, "अगं तू विहिरीतून बोलतेयस का?" मी म्हटलं तुझाच फोन जुना झालाय. मग दादा म्हणाला शब्द अर्धे अर्धे येतायत, त्याला म्हटलं तू खिडकीपाशी जा. मग ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली की तुझ्याशी बोलायचं म्हणजे मला कानावर दुसरा हात ठेवावा लागतो, तिला म्हटलं नेटवर्क. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या जागा, तीन वेगळे फोन आणि तक्रार एकच, तरी मी आठ दिवस नेटवर्कलाच शिव्या घालत होते, कारण मला तर सगळं मस्त ऐकू येत होतं ना! इथेच गोम आहे. आपल्या फोनचा माइक आपल्याला कधीच ऐकू येत नाही. आपल्या फोनचे निम्मे दोष दुसऱ्याच्या कानात जाऊन पडतात आणि तो बिचारा दोन-तीनदा "काय?" म्हणतो आणि सोडून देतो. दुकानात उभं राहून एक कॉल लावून "आवाज छान आहे हो" म्हणणं म्हणजे फक्त आपल्या बाजूचं निम्मं तपासणं.

तर शेवटी दादाला कामाला लावलं. तो त्याचा फोन घेऊन आतल्या खोलीत, दार बंद, मी बाहेर, आणि त्याच्या फोनवर कॉल रेकॉर्ड करायचा असं दोघांनी ठरवून (गुपचूप करायचं नाही, घरातल्यांचंही नाही). मी दर वेळी तोच मजकूर वाचायचा: वीसेक आकडे, थोडे शब्द, आणि दोन मोठी वाक्यं. एकदा शांत खोलीत, एकदा पंख्याखाली, एकदा रस्त्याकडची खिडकी उघडून, एकदा स्पीकरवर, आणि हेच सगळं परत 2जी वर. मग हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐकत बसले. लाज वाटली हो. शांत खोलीतलं रेकॉर्डिंगसुद्धा तोंडावर उशी धरून बोलल्यासारखं येत होतं, आणि गंमत म्हणजे मधेच दोन सेकंद एकदम स्वच्छ, मग परत उशी.

ते स्वच्छ दोन सेकंद कुठले हे शोधायला आणखी अर्धा तास गेला. त्या वेळी मी फोन या हातातून त्या हातात घेतला होता. आणि मग उलगडलं, की हा फोन एवढा छोटा आहे की धरताना माझी करंगळी आपोआप खालून टेकू देते, आणि माइकचं भोक नेमकं खालच्या कडेला! तांदळाच्या दाण्याएवढं सुद्धा नाही ते भोक, त्यावर मी आठ दिवस करंगळी दाबून बसले होते. करंगळी काढली आणि दादा आतून ओरडला, "हां, आता आली!"

आता यात दोष माझा का फोनचा? अर्धा अर्धा म्हणेन. हात माझा आहे हे खरं, पण हातात मावणारी वस्तू बनवताना हात कसा धरला जाईल हे बघायला नको का, भोक जरा पुढच्या बाजूला की-पॅडच्या खाली दिलं असतं तर काय बिघडलं असतं, काही जुन्या फोनना तसं असायचं. तर तुमच्याकडे असा फोन असेल आणि लोक तक्रार करत असतील तर सगळ्यात आधी माइकचं भोक कुठे आहे ते शोधा आणि बोट बघा. तसंच वरच्या जाळीचं. पिशवीतली धूळ, कापसाचे तंतू जाऊन कानाकडची जाळी बुजते आणि माणसं म्हणतात फोनचा आवाज कमी झाला, स्पीकर गेला. कोरडा मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवा, सुई घालू नका.

करंगळीचा प्रश्न सुटल्यावर जे उरलं ते मात्र पूर्ण फोनचं. पंख्याखाली बरं होतं, पण खिडकी उघडल्यावर गाड्यांचा आवाज आणि माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये जवळपास बरोबरीने. मोठ्या स्मार्टफोनमध्ये दोन किंवा जास्त माइक असतात, एक तोंडाजवळ आणि एक लांब, वर किंवा मागे, आणि दोन्हीत येणारा आवाज ताडून फोन ठरवतो की जो दोन्हीकडे सारखाच येतोय तो गोंगाट, आणि तो वजा करतो. इथे माइकच एक, ताडायचं कशाशी? एका माइकवरही सॉफ्टवेअर थोडंफार करतं, पंख्यासारखा एकसुरी आवाज दाबतं (म्हणूनच पंख्याखाली बरं आलं असणार), पण हॉर्न आणि वारा त्याच्या आवाक्याबाहेर. चालत चालत बोलताना वारा माइकवर आदळला की समोरच्याला नुसता भर्रर्र. उपाय सापडला तो म्हणजे साधा वायरचा इअरफोन, त्याचा माइक तोंडाच्या जवळ येतो आणि फरक डोळे मिटून कळतो. पण इथेही एक कटकट, चार कड्यांच्या पिनमध्ये माइक आणि अर्थिंग या दोन कड्यांची अदलाबदल केलेल्या दोन पद्धती आहेत, जुन्या पद्धतीचा इअरफोन नव्या फोनला लावला तर आवाज पोकळ येतो आणि माइक चालतच नाही. माझ्याकडच्या तीन इअरफोनपैकी एक असाच निघाला.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल, कारण यात सगळ्यात जास्त फरक पडला आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं.

जुन्या धाटणीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो. सेकंदाला 8000 नमुने घेतात आणि बाकीचं छाटतात. बोलणं समजायला तेवढं पुरतं म्हणून टेलिफोनवाल्यांनी फार पूर्वीच तो पट्टा धरला आणि तोच चालत आला. पण "स"चा जो सूं असा घासणारा भाग आहे ना, त्याचा मोठा वाटा 4000 हर्ट्झच्या वर असतो, बायकांच्या आवाजात तर आणखी वर. म्हणजे फोन तो भाग सरळ कापूनच टाकतो आणि पुढच्या-मागच्या अक्षरांवरून आपण अंदाजाने भरून घेतो. वाक्यात जमतं ते. आकड्यांत जमत नाही! माझ्या यादीत मुद्दाम साठ आणि आठ, सहा आणि दहा, एकतीस आणि एकोणतीस असे घातले होते, आणि 2जी वर दादाने साठचे आठ दोनदा लिहिले, सहाचे दहा एकदा. साप आणि शाप तर त्याला एकच. फोनवर खाते नंबर सांगताना आपण उगाच "सहा, सहा, पाचनंतरचा सहा" असं किंचाळत नाही, त्याला कारण आहे.

4जी वर एचडी व्हॉइस म्हणतात तो कॉल लागला तर पट्टा 50 पासून 7000 हर्ट्झपर्यंत जातो, नमुने सेकंदाला 16000. त्याच यादीत दादाची एकही चूक नाही. आणि मला आईचा आवाज अचानक जवळ बसल्यासारखा यायला लागला, श्वास घेतलेला पण कळत होता. एवढ्याशा फोनमधून हे येईल असं खरंच वाटलं नव्हतं. फक्त अट अशी की दोन्हीकडचे फोन आणि मधलं नेटवर्क सगळ्यांना ते जमलं पाहिजे, एक कडी जुनी असली की सगळं परत अरुंद पट्ट्यावर येतं. म्हणून एकाच फोनवरून एकाला कॉल सुरेख आणि दुसऱ्याला डब्यातून बोलल्यासारखा लागतो, त्यात तुमच्या फोनची चूक नसते.

सिग्नल पडायला लागला की काय होतं तेही यात ऐकू आलं. आवाज 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी जातो. 2जी वर चांगल्या सिग्नलला सेकंदाला 12.2 किलोबिट आवाजासाठी वापरता येतात, आणि सिग्नल वाईट झाला की जिथे सोय आहे तिथे ते 4.75 पर्यंत उतरवून उरलेली जागा चुका दुरुस्त करायला देतात, म्हणजे आवाज बोथट होतो पण तुटत नाही. त्याच्याही खाली गेलं की तुकडे हरवतात, मग फोन आधीचाच तुकडा ताणून भोक बुजवतो, आणि आपल्याला तो रोबोट बोलतोय असा आवाज येतो. लिफ्टमध्ये मी हा फोन आणि स्मार्टफोन एकाच कंपनीच्या दोन सिमवर सोबत धरून बघितले, रोबोट दोघांचाही साधारण एकाच मजल्यावर सुरू झाला. साध्या फोनची रेंज जबरदस्त असते हा जो समज आहे तो मला तरी खरा वाटला नाही. स्क्रीनवरच्या दांड्यांवर तर जाऊच नका, किती सिग्नलला किती दांड्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

बरं, हे 4जी चं सुख मला पहिले दोन आठवडे मिळालंच नव्हतं हे सांगायचं राहिलं! कारण फोनमध्ये व्होल्टी (4जी वरूनच कॉल लावायची सोय) बंद करून आलं होतं. मेनूत नेटवर्क सेटिंगच्या आत, आणखी एक पायरी आत, सिमप्रमाणे वेगळं वेगळं. वर कोपऱ्यात 4जी दिसत होतं म्हणून मला वाटलं सगळं चालू आहे. पण व्होल्टी बंद असेल तर 4जी वरून कॉल जातच नाही, कॉल लावताना फोन आधी 4जी सोडून खाली 2जी किंवा 3जी वर उतरतो आणि मग कॉल लावतो, कॉल संपला की परत वर चढतो. हिरवं बटण दाबल्यापासून पहिली रिंग ऐकू येईपर्यंत मी मोजलं, व्होल्टी बंद असताना सात-आठ सेकंद शांतता, चालू केल्यावर दोन-तीन. त्या शांततेत मी किती वेळा "लागला नाही वाटतं" म्हणून कापून परत लावला असेल. आणि जिथे खाली उतरायला 2जी-3जी उरलेलंच नाही तिथे असा कॉल लागणारच नाही. सिंगापूरमध्ये 2017 सालीच 2जी बंद झालं, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये 3जी आवरलं. कपाटातला जुना 2जी फोन कुणाला "फक्त कॉलपुरता" देताना आधी हे बघा. 2003 सालचा नोकिया 1100, जो 25 कोटींहून जास्त खपला, तो आजही दणकट असेल, टॉर्चही लागेल, पण कॉल लागायला समोर 2जी चं नेटवर्क तर हवं.

व्होल्टीवर एक सूक्ष्म गोष्ट जाणवली, दोघं एकदम बोलायला लागणं कमी झालं. आवाज तोंडातून निघून समोरच्याच्या कानात पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर संभाषण सहज चालतं असं टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत धरलंय, त्याच्या बरंच वर गेलं की "हॅलो, नाही, तू बोल, नाही नाही तूच बोल" सुरू होतं.

कानातल्या स्पीकरचा आवाज: सात पायऱ्या, मी चौथीवर असते, सहावीवर फाटायला लागतो, सातवी शोभेची. पण बोलताना आपलाच आवाज जो किंचित कानात परत येतो ना, तो या फोनमध्ये जवळपास नाही. जुन्या काळ्या टेलिफोनमध्ये तो भरपूर असायचा, आता मुद्दाम थोडासाच ठेवतात, आणि तो पूर्ण गेला की माणसाला वाटतं लाइन मेली, किंवा आपलं बोलणं पोचत नाहीये, आणि माणूस नकळत आवाज चढवतो. मला तीन जणांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलं की फोनवर तू हल्ली ओरडतेस. मी मुळात ओरडणारी नाही! (आई वाचत असेल तर, नाही.) सेटिंगमध्ये याचं काही मिळालं नाही. समोरचा गप्प असला की मात्र कानात हलकी खरखर येते, ती बिघाड नाही बरं का, बोलणं थांबलं की फोन बॅटरी वाचवायला पाठवणंच कमी करतो आणि लाइन मेल्यासारखी वाटू नये म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच ती खरखर तयार करून घालतो.

स्पीकरफोन वाईट. इथे मी काही समजून घेणार नाहीये. मागचा स्पीकर आणि माइक यांच्यात चार बोटांचं अंतर, त्यामुळे दादाचा आवाज माझ्या स्पीकरमधून निघून माझ्याच माइकमध्ये शिरतो आणि त्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. फोन ते खोडायचा प्रयत्न करतो, पण खोडताना माझाही आवाज खोडतो, म्हणजे तो बोलत असताना मी मधे "हो" म्हटलं तर ते त्याला पोचतच नाही. यातून एक कामाची खूण मिळाली: प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याचा फोन बहुतेक वेळा निर्दोष असतो, गुन्हेगार समोरचा फोन. म्हणजे तुम्हाला तुमचा आवाज परत येत असेल तर स्वतःचा फोन आपटू नका, समोरच्याला म्हणा स्पीकर बंद कर किंवा आवाज दोन पायऱ्या उतरव.

दोन सिम असल्याचं कौतुक वाटत होतं तेही उतरलं. दोन्ही सिम जागी असतात पण आत रेडिओ एकच, एकावर बोलायला लागलं की दुसरं त्या वेळेपुरतं मेलेलं, त्यावर कॉल करणाऱ्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकू येतं. मला त्याचा मिस्ड कॉलसुद्धा दिसत नाही. आठवडाभर मैत्रिणीला वाटत होतं मी तिला टाळतेय, आणि मी दुसऱ्या सिमवर आईशी बोलत होते. यावर इलाज म्हणजे पोचण्याबाहेर असताना कॉल दुसऱ्या सिमकडे वळवायचा, **62* मग दुसऱ्या सिमचा नंबर मग # आणि हिरवं बटण. आणि कॉल वेटिंग *43# ने चालू. हे कोड फोनचे नाहीत, नेटवर्कचे आहेत, जीएसएमच्या जमान्यापासून तेच आहेत, म्हणून बटणांच्या फोनवर पण चालतात; वळवलेल्या कॉलचे पैसे कुणाला लागतात ते आधी विचारून घ्या. हे लिहितेय तर एक सावधगिरी पण लिहिते, की कुणी अनोळखी माणूस फोन करून "एवढा कोड दाबा" म्हणाला तर अजिबात दाबू नका, असंच कॉल स्वतःकडे वळवून ओटीपी पळवतात. सगळं वळवलेलं एकदम काढायचा कोड ##002#.

बटणं. आहाहा. यात हा फोन जिंकला, ओल्या हाताने, अंधारात, न बघता कॉल उचलता येतो आणि कापता येतो, 2 दाबून धरलं की आई, 3 दाबून धरलं की दादा. बँकेच्या त्या "मराठीसाठी 1 दाबा"वाल्या प्रकारात तर स्मार्टफोनवर स्क्रीन काळी होते, कानापासून काढा, की-पॅड उघडा, तोवर बाई परत पहिल्यापासून सुरू. इथे कानाला लावूनच अंगठ्याने 1. जाता जाता, बटण दाबल्यावर जो टूं ऐकू येतो तो दोन सुरांचा मिळून असतो, 1 ला 697 आणि 1209 हर्ट्झ, पण मोबाइलमधून तो आवाज म्हणून जात नाही, कुठलं बटण दाबलं एवढा निरोप जातो आणि सूर पुढे नेटवर्कमध्ये तयार होतो. म्हणून बटणाचा आवाज बंद केला तरी काम होतं. फक्त धडाधड दाबू नका, एकेक अंक सुटा दाबा, माझा सोळा आकडी नंबर घाईत दोनदा चुकला.

पण एका गोष्टीने तोंडघशी पाडलं. "कुठल्याही बटणाने कॉल घ्या" हे सेटिंग आधीपासून चालू होतं. पिशवीत हात घालून फोन शोधताना कॉल घेतला जायचा आणि मला पत्ताच नाही, समोरचा माणूस पिशवीतली खसखस ऐकत हॅलो हॅलो करत बसायचा. एकदा मी त्याच माणसाबद्दल शेजारणीशी बोलत होते. जास्त सांगत नाही. घेतल्या घेतल्या ते बंद करा.

रिंग मोठी आहे, दुसऱ्या खोलीत ऐकू येते, पण स्पीकर पाठीमागे असल्याने गादीवर उताणा ठेवला की अर्धी रिंग गादीत जाते, पालथा ठेवायची सवय लावली. व्हायब्रेशन नावापुरतं. नंबर जुळवणं कच्चं आहे, एकच नंबर शून्य लावून सेव्ह केलेला असेल आणि कॉल देशाच्या कोडने आला तर नाव दिसत नाही, म्हणून सगळे नंबर + लावून परत भरले, सगळी संध्याकाळ गेली. अनोळखी नंबर कुणाचा हे सांगायची सोय नाही, ब्लॅकलिस्ट आहे पण ती काय, एक अडवला की दुसऱ्या नंबरवरून येतात. बॅटरी: रोज तासभर बोलून तिसऱ्या दिवशी चार्जिंग, सिग्नल नसलेल्या जागी दिवस घालवला तर दुसऱ्याच दिवशी, कारण टॉवर शोधायला आणि लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त जोर लावतो. आणीबाणीचा 112 लॉक असतानाही डायल करता येतो असं स्क्रीनवर दिसतं, तो चाचणी म्हणून लावायचा नसतो म्हणून लावला नाही.

राहिले काका. त्यांच्या कानाला मशीन आहे, त्यांनी माझा फोन बघितला आणि असाच हवा म्हणाले, तर त्यांनाच तो चार दिवस वापरायला दिला. पहिल्या दिवशी वैतागून परत. म्हणे कानात मधमाश्या. ते खरंच असतं, 2जी चा फोन एकसारखं न पाठवता सेकंदाला साधारण 217 वेळा झटके देत पाठवतो, तेही 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 2 वॅटपर्यंत जोराने, आणि ते झटके जवळच्या कुठल्याही अॅम्प्लिफायरमध्ये गुणगुण म्हणून उमटतात. रेडिओशेजारी फोन ठेवल्यावर कॉल यायच्या आधी टिकटिक टिकटिक व्हायची ती हीच. त्यांच्या सिमचं व्होल्टी बंद होतं. ते चालू करून दिलं, 4जी चा जोर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो आणि झटके पण तसे नसतात, मधमाश्या गेल्या. काहीजणांना तरी जात नाहीत, तेव्हा मशीनवाल्यांनी फोनला एम (मशीनच्या माइकशी किती जमतं) आणि टी (मशीनमधल्या टेलिकॉइल नावाच्या तारेच्या वेटोळ्याशी किती जमतं) चे आकडे दिलेले असतील तर बघून घ्या, 3 किंवा 4 असेल तर बरं.

मग दुसरी अडचण, मशीनचा माइक कानाच्या मागे वर असतो, कानात नाही, आणि काका फोन कानाच्या भोकाला लावत होते. आता ते फोन कानाच्या जरा वर, मशीनपाशी धरतात आणि त्यांना सगळं स्पष्ट ऐकू येतं. फोन एकदम झकास आहे असं सगळ्यांना सांगत सुटलेत. फक्त एवढासा फोन वर गेल्यामुळे त्याचा माइक आलाय त्यांच्या गालाच्या हाडावर, आणि कालपासून आम्हीच त्यांना म्हणतोय, "काका, जरा मोठ्याने बोला, काहीच ऐकू येत नाहीये."